येणे बाकी

मराठी माणसाला वाचायला शिकवण्याचं श्रेय सरकार शाळांना देतं. पण माझ्या मते त्यातलं निम्मं श्रेय दुकानांतल्या पाट्यांचं आहे. 'उधारीचा विषय काढू नये', 'सुटे पैसे द्यावेत', 'मालाला हात लावू नये' आणि या सगळ्या पाट्यांची महाराणी म्हणजे, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. ही पाटी मी साड्यांच्या दुकानात पाहिली आहे, चपलांच्या दुकानात पाहिली आहे आणि एका वधूवर सूचक मंडळाच्या भिंतीवरही वाचली आहे. तिथं ती फीबद्दल असावी, अशी माझी समजूत आहे. विचारण्याचं धाडस झालं नाही.

या पाटीखाली लहानाचा मोठा झालेल्या माणसाला कुणी सांगितलं, की जगात असेही देश आहेत जिथं कंपनी स्वतः गिऱ्हाइकाच्या मागं लागते आणि 'आमचा माल परत द्या हो, हे तुमचे पैसे घ्या' म्हणून विनवते, तर त्याला ते स्वर्गाच्या वर्णनासारखंच वाटणार. ऐकायला गोड, पण जाऊन आलेला कुणी भेटत नाही.

त्यातून मी पडलो बँकेतला क्लार्क. (हल्ली आमचं नवं बारसं होऊन आम्ही 'ग्राहक सेवा सहयोगी' झालो आहोत. नाव बदललं, खुर्चीचा मोडका हात तोच आहे.) आमच्या धंद्यात 'रिकॉल' हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ फार वेगळा. कर्जाचे हप्ते थकले, की बँक पार्टीला रिकॉल नोटीस पाठवते. म्हणजे 'झालं तेवढं पुरे, आता सगळे पैसे एकदम आणून ठेवा'. ती नोटीस हाती पडली, की पार्टीचं ब्लडप्रेशर वाढतं. तिकडच्या रिकॉलमध्ये म्हणे कंपनीचं ब्लडप्रेशर वाढतं. एकाच शब्दाचे दोन रक्तदाब, एवढंच मला ठाऊक होतं.

पुढचं ज्ञान पहाटे साडेपाचला फोनवरून आलं.

माझी मेव्हणी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला असते. तिनं इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी आमच्या कन्येसाठी एक ब्रेसलेट पाठवलं होतं. कन्या दुसरीत. ब्रेसलेट म्हणजे एक चकचकीत साखळी आणि तिला लोंबणारे पाच नग. चंद्र, चांदणी, फुलपाखरू, बदाम आणि एका शिंगाचा घोडा. कन्येनं ते पंधरा दिवस अंगावरून उतरवलं नव्हतं. नुसतं हातात नव्हे, तोंडातसुद्धा. सातचा पाढा म्हणताना 'सात सक' आलं, की तिला काही तरी दातात धरावं लागतं. पूर्वी फ्रॉकची कॉलर असायची, आता घोडा असायचा.

"भाऊजी, ते ब्रेसलेट आधी तिच्या हातातून काढा. काढलंत? मग बोलते."

अमेरिकेत संध्याकाळचे आठ वाजले होते, त्यामुळे ती पूर्ण जागी होती. मी अर्धा होतो. कंपनीनं ते सगळे ब्रेसलेट परत मागवलेत, धातूत कॅडमियम निघालंय, ते विषारी असतं, पोरांनी तोंडात घालायचं नाही, असं ती एका दमात म्हणाली. तोवर आमच्या सौभाग्यवतीनं माझ्या हातातला फोन काढून घेतला होता आणि दुसऱ्या हातानं झोपलेल्या कन्येच्या मनगटावरून ब्रेसलेट. एवढ्या सफाईनं मी अजून कुणाला कुणाचा दागिना उतरवताना पाहिलेलं नाही, आणि आमच्या बँकेत सोनंतारण कर्ज मिळतं.

मग तिनं नग मोजले. चंद्र, फुलपाखरू, बदाम, घोडा.

चारच.

पुन्हा मोजले. मीही मोजले. नोटा मोजायची वीस वर्षांची सवय असलेल्या माणसानं मोजले तरी चारच भरले. चांदणी नव्हती.

बँकेत संध्याकाळी कॅश कमी भरली, की पोटात जो खड्डा पडतो तो मी अनेकदा अनुभवला आहे. पण तिथं फार तर खिशातून भरावे लागतात. इथं सौ. माझ्याकडे पाहत होती आणि मी झोपलेल्या पोरीच्या पोटाकडे. दोघांच्या मनात एकच प्रश्न, आणि तो उच्चारायची कुणाचीच तयारी नव्हती. शेवटी आईनं देवघरातून विचारलं, "गिळलीन् की काय रे?"

कन्येला उठवलं. एरवी शाळेसाठी तिला उठवायला अर्धा तास लागतो. त्या दिवशी चार चेहरे एकदम जवळ पाहून ती क्षणात जागी झाली. तिची जबानी अशी, की चांदणी तिनं गिळली नव्हती, दोन खोडरबरांच्या बदल्यात खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला दिली होती. त्यातलं एक खोडरबर स्ट्रॉबेरीच्या वासाचं होतं. हा व्यवहार मला बी. कॉम.च्या दृष्टीनं फायद्याचा वाटला, पण ती वेळ कौतुकाची नव्हती. कारण त्या मैत्रिणीला दीड वर्षाचा भाऊ आहे आणि पृथ्वीवरच्या प्रत्येक वस्तूची चव घेऊन पाहायची असा त्यानं संकल्प सोडलेला आहे.

अशा रीतीनं सकाळी पावणेसहाला, लेंग्यावर, आमच्या सोसायटीच्या इतिहासातला पहिला रिकॉल सुरू झाला.

मैत्रीण म्हणाली, चांदणी दप्तरात. दप्तरात नव्हती. तिची आई म्हणाली, काल झाडताना काही तरी चमकलं होतं खरं. मग केराचा डबा उपडा झाला. धाकट्याचं तोंड उघडून पाहण्यात आलं. त्यात काल रात्रीच्या पोळीचा तुकडा सापडला. त्याच्या वडिलांचा चेहरा हळूहळू माझ्यासारखा होत गेला. एवढ्यात त्या घरच्या आजी आंघोळ करून आल्या. ही गर्दी कसली म्हणून विचारलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ती चांदणी होय? ती आमच्या बाळकृष्णाला घातलीय मी."

देवघरात बाळकृष्ण रांगत होता आणि त्याच्या गळ्यात तुळशीच्या मण्यांबरोबर अमेरिकन चांदणी लुकलुकत होती.

"काकू, ती परत हवी होती," सौ. म्हणाली.

"देवाला वाहिलेलं परत घेत नाहीत, बाई."

म्हणजे ती पाटी इथंही होतीच! शेवटी 'बाळकृष्णसुद्धा पडला लहान मूल, तोही तोंडात घालायचा' हा माझा मुद्दा त्यांना पटला आणि चांदणी वसूल झाली. पाची नग साखळीसकट जॅमच्या रिकाम्या बाटलीत गेले. सौ.नं त्यावर 'विष' अशी चिठ्ठी डकवली आणि बाटली कपाटातल्या लॉकरमध्ये ठेवली. आमच्या लॉकरला इतकी मोलाची वस्तू प्रथमच सांभाळायला मिळाली. डॉक्टरांनी गिळलं नाही ना, असं तीनदा विचारलं, एक तपासणी लिहून दिली आणि रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस आम्ही कन्येला 'सात सक किती?' असं एकदाही विचारलं नाही. रिपोर्ट चांगला आला. मग विचारलं.

त्या दोन दिवसांत मी या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. माझं रसायनशास्त्र बेतास बात. इतकी वर्षं शिसपेन्सिलीत शिसं असतं असंच मी धरून चाललो होतो. नसतं. त्यात ग्रॅफाइट असतं. म्हणजे ज्या पेन्सिलीचं टोक चघळलं म्हणून मास्तरांनी आमचे कान उपटले, तिच्यात नावापुरतंच शिसं. आणि ज्या दागिन्याला लाडानं 'चांदीसारखा' म्हणायचं, त्यात ते वजनानं असू शकतं.

हे शिसं दागिन्यात शिरतं कशाला? तर ते स्वस्त, ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे घरच्या शेगडीवरसुद्धा पातळ होतं, साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत जातं आणि हाताला जड लागतं. जड म्हणजे भारी, हे आपलं जुनं गणित. आणि लहान मुलांच्या बाबतीत वाईट असं, की मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं जेवढं अंगी लागतं, त्याच्या चौपट-पाचपट मुलांच्या अंगी लागतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मेंदूवर जाऊन बसतं. ताप नाही, पुरळ नाही. मूल फक्त अभ्यासात थोडं मागं पडतं आणि आपण म्हणतो, बापावर गेलं. इतकं शिसं चालेल अशी खालची मर्यादाच अजून कुणाला सापडलेली नाही.

२००३ साली अमेरिकेत ओरेगॉन राज्यात चार वर्षांच्या एका मुलाचं पोट दुखू लागलं. पोटात निघालं एक पदक, नाणं टाकलं की खाऊसारखं खेळणं देणाऱ्या यंत्रातून घेतलेल्या माळेचं. त्यात जवळजवळ ३९ टक्के शिसं होतं. मुलगा वाचला. त्यानंतर चौकशी वाढत गेली आणि जुलै २००४ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं अशा यंत्रांतून विकलेल्या अंगठ्या, माळा आणि ब्रेसलेट परत मागवल्याचं जाहीर केलं. किती नग? पंधरा कोटी. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत माणसं भरली सव्वाअकरा कोटी. म्हणजे प्रत्येक मराठी माणसाला एकेक अंगठी वाटून पावणेचार कोटी उरल्या असत्या!

तो पंधरा कोटींचा माल बनला होता कुठं, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. भारतात.

आपला माल सातासमुद्रापार जातो म्हणून छाती फुगवायची सवय असलेल्या माणसाला हा परिच्छेद जरा अडकतो. त्यातल्या साधारण निम्म्या नगांत शिसं होतं, पण निम्मे कुठले हे नुसतं पाहून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. म्हणून सगळेच परत मागवले.

आता माझ्यातला क्लार्क जागा झाला. मागवले ठीक आहे, आले किती? २५ ते ७५ सेंटांची वस्तू. यंत्र बिल देत नाही. पोरगं घरी जाईपर्यंत अंगठी कुणा मित्राच्या खिशात गेलेली. नोटीस पाठवायची कुणाच्या पत्त्यावर? २०१७ साली त्याच आयोगानं मांडलेला एक हिशेब आहे. परत मागवलेल्या वस्तूंपैकी ज्या दुकानातून घरात पोचल्या होत्या, त्यांतल्या शंभरात सहाच्या आसपासच मार्गी लागल्या. बाकीच्या येणे बाकी.

शंभरात सहा! आमच्या शाखेची वसुली अशी असती, तर मॅनेजरची बदली गडचिरोलीपेक्षाही पुढं झाली असती.

उलट, १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं दोन हजारांच्या नोटा परत मागवल्या, तेव्हा मी काउंटरला होतो. देशात तेव्हा ३ लाख ५६ हजार कोटींच्या या नोटा होत्या. त्या डाळीच्या डब्यातून आल्या, गीतेच्या पोथीतून आल्या, एका आजोबांच्या कमरेच्या कशातून आल्या. शंभरातल्या अठ्ठ्याण्णवाहून जास्त परत आल्या. त्या नोटेत विष नव्हतं. ती चाटली असती तरी काही झालं नसतं. पण तिच्यावर दोन हजार लिहिलेलं होतं. अंगठीवर काहीच लिहिलेलं नसतं. माणूस काय परत आणतो आणि काय घरात ठेवतो, हे त्या वस्तूत विष किती यावर नव्हे, तर तिची किंमत किती यावर ठरतं. हे मला वाणिज्य शाखेत कुणी शिकवलं नव्हतं.

आणि किंमत तर कधी कधी शून्य असते. २००६ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात चार वर्षांचा एक मुलगा ओकाऱ्या करू लागला. त्याच्या पोटात बदामाच्या आकाराचा एक नग होता. रीबॉक कंपनीच्या बुटांबरोबर फुकट मिळणाऱ्या ब्रेसलेटचा. नगात ९९ टक्के शिसं. मुलगा गेला. कंपनीनं तीन लाख ब्रेसलेट परत मागवली, पुढं २००८ मध्ये दहा लाख डॉलर दंडही भरला. पण मला हिशेबातली एकच नोंद विसरता येत नाही. ते बूट त्या मुलाच्या घरचे नव्हतेच. तो ज्यांच्याकडे खेळायला जायचा, तिथल्या मुलाचे होते. समजा कंपनीनं आधीच शहाणपण करून प्रत्येक गिऱ्हाइकाला रजिस्टर पत्र पाठवलं असतं, तरी ते या घरात आलं नसतं. वस्तू मुलांमध्ये फिरतात. खोडरबराच्या भावानं.

तर २००८ मध्ये अमेरिकेनं कायदा कडक केला. मुलांच्या वस्तूत शिसं किती चालेल, तर २०११ पासून दहा लाख भागांत शंभर भाग. कॅशियरच्या भाषेत सांगायचं तर दहा लाखांच्या रोकडीत शंभराची एक खोटी नोट. या मापानं त्या बदामात नऊ लाख नव्वद हजार खोटे होते.

कायदा झाला म्हणजे धंदा थांबतो असं नाही, तो दुसऱ्या खात्यावर वर्ग होतो. शिशाला बंदी? मग आणा कॅडमियम. तेही स्वस्त, तेही ३२१ अंशांना वितळतं. फक्त सहा अंशांचा फरक. कारागिराला शेगडीसुद्धा बदलायला नको. जानेवारी २०१० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं दागिने तपासून हे उघड केलं आणि रिकॉलची दुसरी फेरी सुरू झाली. हे कॅडमियम मूत्रपिंडं आणि हाडं धरतं. जपानमध्ये खाणीचं पाणी नदीतून भातशेतीत गेलं आणि माणसांची हाडं नुसत्या खोकल्यानं मोडू लागली. त्या दुखण्याचं नावच 'इताई-इताई'. म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. भाषा कुठलीही असो, दुखलं की त्यात 'आई' येतेच.

त्याच वर्षी जूनमध्ये मॅकडोनाल्ड्सनं मुलांचे चित्रवाले काचेचे पेले परत मागवले. चित्राच्या रंगात कॅडमियम निघालं म्हणून. सव्वा कोटीला थोडे कमी. पेला घेतला होता दोन-अडीच डॉलरना, परत दिला की तीन डॉलर हातात! इतकं व्याज एवढ्या कमी मुदतीत आमच्या बँकेनं उभ्या आयुष्यात दिलेलं नाही. तेव्हा मला वाटतं, लोकांनी माल परत आणावा असं खरंच वाटत असेल, तर जनजागृती वगैरे करण्यापेक्षा जरा वरती पैसे ठेवावेत.

हे सगळं मी घरात वाचून दाखवलं. आई जपमाळ थांबवून ऐकत होती. म्हणाली, "तिकडचं तिकडं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

"कसं नव्हतं?" सौ. म्हणाली. "पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं, तर तुम्ही अख्खं ओतून द्यायचात ना?"

"मग? कळकलेलं ताक पोरांना घालायचं? भांड्याला कल्हई नको?" आई एकदम रंगात आली. "आणि कल्हईवाल्याच्या समोर बसायला लागायचं. नाही तर मेला कथलात शिसं मिसळायचा. फडक्यानं पुसलं आणि काळपट आलं, की मी भांडं परत त्याच्या पुढ्यात ठेवायची. पुन्हा कर म्हणायची. पैसे नाही द्यायची."

मी थक्क झालो. अमेरिकन सरकारनं आयोग नेमून जे केलं, ते ही बाई वाड्याच्या पायरीवर बसून एका फडक्यावर करत होती! माल तपासणी, दोष, परत, दुरुस्ती, पैसे बंद. फक्त तिला एक सोय होती. कल्हईवाला समोर बसलेला होता. सोनार गल्लीच्या तोंडाशी होता. वस्तूला माणूस होता.

आता आमच्या घरात एक खण आहे. बँकेत ज्या रकमेचा धागादोरा लागत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. हा खण म्हणजे आमच्या घरचं सस्पेन्स खातं. सौ.नं तो जमिनीवर उपडा केला. वाढदिवसांच्या परतभेटी, हळदीकुंकवाला लुटलेल्या अंगठ्या, पिवळाधमक रंग सोडणारी बाहुली, तुळशीबागेतल्या माळा, कुरकुऱ्यांसारख्या कशाबरोबर तरी फुकट आलेलं काही तरी. मी एकेक उचलून बनवणाऱ्याचं नाव शोधू लागलो. आमच्याकडे खातं उघडायला आलेल्या माणसाकडून आम्ही आधार मागतो, पॅन मागतो, दोन फोटो मागतो. आणि पोरांच्या तोंडात जाणाऱ्या या त्रेचाळीस वस्तूंपैकी पाचांवर नाव-गाव होतं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचा छाप सक्तीचा आहे. घरगुती रंगात शिसं किती, यावर २०१७ पासून मर्यादा आहे. २०२० पासून दिल्लीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण बसलंय, त्याला माल परत मागवायला लावायचे अधिकार आहेत. आदेश निघेल. पण तो कुणाच्या नावानं काढायचा, हे वस्तूवर लिहिलेलं तर हवं! सौ.नं नाव असलेल्या पाच वस्तू खणात परत ठेवल्या. बाकीच्यांबद्दल कन्येशी दीर्घ वाटाघाटी झाल्या. तिनं अडतीस वस्तूंच्या बदल्यात एक सायकल मागितली. व्यवहारात ती माझ्यावर गेलेली नाही, याचं मला समाधान आहे.

पुढं नवरात्रात आम्ही चतुःशृंगीच्या जत्रेला गेलो. पायथ्याशी एका पथारीवर अंगठ्या, कडी आणि साखळ्यांचे ढीग. कंदिलासारख्या दिव्याखाली सगळं नुसतं झगमगत होतं. कन्येनं हात लावला नाही. तिनं विचारलं, "काका, हे कुणी बनवलंय?"

"काय की, बाळा. पोत्यात येतं. किलोवर."

पथारीच्या कडेला त्याचीच मुलगी बसली होती. वर्षा-दीड वर्षाची असेल. तिला दात येत होते आणि ती ढिगातली एक चमकती साखळी मनापासून चावत होती. सौ. खाली बसली. पर्समधून केळं काढलं, तिच्या एका हातात ते दिलं आणि दुसऱ्या हातातली साखळी अलगद काढून घेतली. मग तिच्या बापाला सगळं सांगितलं. शिसं, मेंदू, अमेरिकेतला मुलगा. मला जे समजायला दोन दिवस लागले, ते तिनं पाच मिनिटांत सांगितलं. तो निमूट ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं पोरीला उचलून मांडीवर घेतलं आणि तिच्या लाळेनं ओली झालेली साखळी लांब सरकवली. मग त्या सगळ्या ढिगाकडे पाहिलं. जत्रेचे अजून पाच दिवस होते.

"मग हे परत कुणाला देऊ, साहेब?" त्यानं मला विचारलं.

वीस वर्षं मी माणसांना सांगत आलो आहे, की हे काम इथं होत नाही, चार नंबरच्या काउंटरला जा. त्याला सांगायला मला काउंटर सापडला नाही.